आधी वारा, मग धाव

त्या राज्यात माया मोजली जाई ती धावण्याने. कुणावर संकट आलं की जो सर्वांत आधी जाऊन गळ्यात पडेल तो जिवलग. मागं राहिला तो परका. रानातून राजरस्ता गेला होता आणि त्यावरून दूरदेशीच्या रांजणांनी लादलेले गाडे धावत. रांजणांत काय आहे, हे कुणी विचारत नसे. गाडा उलटला की हरणं मात्र तीरासारखी सुटत, आणि त्यांतली परत किती येत, ते विचारू नका!

म्हणून राजाने मदतपथक उभारलं आणि शिकवायला नेमली साळूआत्या. झालं, कळपात हशा पिकला. जिच्या अंगावर नुसते काटे, जिला कुणी जवळ घेऊ शकत नाही, ती आम्हाला मदत शिकवणार? भिंगरी हरिणी तर पोट धरून हसली. तिच्याइतकी पळणारी त्या रानात दुसरी नव्हती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आत्याने पहिल्याच दिवशी भर रस्त्यात एक रांजण फोडला. लाल भुकटीचा लोट उठला आणि भिंगरी सुटली ती थेट त्यात! पडल्याचं सोंग घेतलेल्या काळविटाला तिने सगळ्यांच्या आधी मिठी मारली, उड्या मारत कळपात परतली, आईला बिलगली. संध्याकाळी बघतात तर काय, आई लाल, शेजारीण लाल, पाणवठा लाल, नुकतं जन्मलेलं पाडससुद्धा नाकापर्यंत लाल.

"गेरू होता म्हणून बरं," आत्या म्हणाली.

तिथून भिंगरी अशी काही पेटली की सांगायची सोय नाही. चिमूटभर धूळ उडवून वारा बघायचा, रांजणावरची खूण लांबूनच ओळखायची, वाऱ्याला पाठ देऊन जायचं. तिला स्वप्नंसुद्धा वाऱ्याची पडू लागली.

आणि एका सकाळी खिंडीत गाडा उलटला. हिरवा धूर निघाला, आणि धुराच्या कडेला पडला होता भिंगरीचा सख्खा भाऊ, ठिपक्या. धाव, धाव, म्हणून कळपाने एकच गलका केला. भिंगरी थांबली. तिने धूळ उडवली आणि पथकाला घेऊन टेकडीला वळसा घातला. बघा, सख्खी बहीण पाठ फिरवते, असं कुणीतरी म्हटलं, आणि तिचं काळीज चरकलं. पण पलीकडून, वारा पाठीशी घेऊन, तिने लांबूनच ठिपक्याच्या शिंगांत फास टाकला आणि सगळ्यांनी मिळून त्याला बाहेर ओढलं. तो खोकत होता. म्हणजे जिवंत होता! भिंगरीला तिथंच नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात आई धावत आली. भिंगरीने खुराने मातीत रेघ ओढली.

"आई, ह्या रेघेच्या आत येऊ नकोस."

"अगं, लेकरू आहे माझं ते!"

"मीही तुझंच लेकरू आहे, आई. आणि मीही आतच उभी आहे."

आत्याने दोघांवर घागरीमागून घागर ओतायला लावली. हिरवट पाणी खणलेल्या खड्ड्यात जिरत राहिलं. रेघेच्या आतून दोन ओल्या माना आईकडे लांबल्या. आईनेही मान ताणली, नाकं टेकायला वीतभर उरलं. पण खूर तिने रेघेवरून पुढे टाकला नाही. तिच्यामागं सगळा कळप जिथल्या तिथं उभा होता.