धुरपदा आणि चोरीला गेलेलं ऊन

"आमचं ऊन कुणीतरी चोरलंय!"

सावळघोलच्या कुंभारआळीत ही हाक उठली, त्याला फार वर्षं झाली. गावात तेव्हा ना शाळा होती, ना घड्याळ. त्या पावसाळ्यात पुरानं जुनी आळी वाहून नेली आणि कुंभार दक्षिणेच्या उभ्या कड्याखाली राहायला आले. थंडी पडली, तशी अंगणात सावली उतरली. रोज थोडी पुढे सरकू लागली. मडकी ओली राहायची आणि भाजायला आवा पेटवला की तडकायची.

नाव कुणी घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना साळू सुतारणीच्या माडीकडे वळल्या. विधवा बाई, नुकतीच गावात आलेली, आणि कड्याच्या बाजूला माडी बांधून राहिलेली. पंचांनी ठरवलं, महिनाभरात माडी पाडायची.

त्या माडीची माती सटवाजी कुंभाराच्या सुनेनं, धुरपदानं तुडवली होती. माडी पडू द्यायची नाही, असं तिनं ठरवलं. ती रोज दुपारी सावलीच्या कडेवर खुंटी ठोकू लागली. माडीची सावली मागेच राहायची. पुढे यायची ती कड्याची. आणि लागोपाठच्या दोन खुंट्यांमधलं अंतर रोज कमी होत होतं. असं का? एकदा फिरत्या चाकावर तिला मुंगी दिसली. धुरपदाच्या मनात आलं, हिला वाटत असेल, झोपडीच फिरतेय! मग आपणही अशाच फिरत्या चाकावर असलो तर?

असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी भरदुपारी तिनं गाव घरात बोलावलं, दारं लावली, मधोमध दिवा ठेवला. मग चाक फिरवायचा दांडा उचलला. बायकांनी दांड्याला शिवायचं नाही अशी रीत होती. असल्या रीती कोण घालून देतं, देव जाणे!

"अगं, ठेव तो खाली!" सटवाजी ओरडला.

"ठेवते मामंजी. एवढं वर्षभर फिरून येते."

तिनं दांड्यावर मातीचा गोळा खोचला. गोळ्याच्या वरच्या अंगाला जोंधळ्याचा दाणा दाबला. "हे आपलं सावळघोल." दांडा तळव्यांत घुसळला. दाणा उजेडात आला, दिवस झाला. अंधारात गेला, रात्र झाली. मग दांडा तिरपा धरून, त्याचं टोक सतत ध्रुवाच्या दिशेला ठेवून ती दिव्याभोवती चालू लागली. एका बाजूला गोळ्याचा माथा दिव्याकडे झुकला. दाणा खूप वेळ उजेडात राहू लागला. "हा उन्हाळा." पलीकडे गेल्यावर तोच माथा दिव्यापासून लांब झुकला. दाण्याला उजेड थोडाच वेळ मिळाला, तोही तिरपा. "आज आपण इथं आहोत. दिवा कुणी हलवला का? खुंट्यांमधलं अंतर रोज घटतंय, त्या हिशेबानं सातव्या दिवशी सावली थांबेल, मग मागं फिरेल. नाही फिरली तर आधी माझं घर पाडा."

असं म्हणतात, त्या क्षणी सगळ्यांना पायाखालची जमीन वळताना जाणवली. सटवाजीनं घराचा खांब धरला. बाहेर आलेल्यांना कडा आभाळातून तरंगत निघालेला दिसला.

सातव्या दिवशी सगळं गाव आदल्या दिवशीच्या खुंटीपाशी उभं राहिलं. सावली खुंटीला टेकली आणि थांबली. पुढचे काही दिवस जागची हलली नाही. मग बोटभर मागं सरली. लोकांनी वहाणा काढल्या. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेल्या भुईवर वहाणा घालून उभं राहवेना.

माडी वाचली. आजही वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी सावळघोलात कुणी वहाणा घालत नाही. आळीतली सर्वांत नवी सून दांड्यावर गोळा खोचते आणि धुरपदाचं नाव घेऊन दिव्याभोवती फेरी घालते. आणि त्या गावात एक बोलणं कुणाच्याच तोंडी येत नाही.

गेल्या साली साळूच्या माडीत नवी सून आली, घाटाखालची. तिन्हीसांजेला तिनं आतून विचारलं, "आत्याबाई, दिवस मावळला. दिवा लावू?"

सासू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दिवस कुठं जातोय गं? तो आहे तिथंच आहे. आपण वळलो. लाव दिवा."