टपटपणारं छत

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात जिवाजी नावाचा बाहुलीवाला हिवाळ्यापुरता मुक्कामाला आला. एक जुना टेम्पो हेच त्याचं घर. मागच्या भागात त्याचा सारा संसार: तो, बायको ठकूबाई आणि पेटीभर लाकडी बाहुल्या.

गावात थंडी कडाक्याची. ठकूबाईला ती बाधू नये म्हणून जिवाजीने टेम्पोची एकूण एक फट चिंध्या कोंबून बुजवली. खिडक्यांवर गोणपाट ठोकलं. बाहेरचा स्टोव्ह आत आणला. आत छान ऊब आली आणि जिवाजी खूश झाला.

पण थोड्याच दिवसांत छतातून पाणी टपकू लागलं. अंथरूण दमट झालं. ठकूबाई खोकू लागली.

"अहो, खिडकी जरा उघडू या का? आत कोंडल्यासारखं होतं."

"इथे छत गळतंय, आणि तुला खिडकीचं सुचतंय?" जिवाजी खेकसला. त्याने छतावर डांबर फासलं. तरी पाणी गळतच राहिलं. मग तो तडक बाजारात गेला आणि टेम्पोच्या छताचा पत्रा बसवून देणाऱ्या दगडूला चारचौघांत लबाड म्हणून आला.

ठकूबाईचा खोकला काही हटेना. गादीखाली ठेवलेली जाड गोधडी तिला द्यावी म्हणून जिवाजीने गादी उचलली. खाली काळी बुरशी! धावत त्याने पेटी उघडली. बाहुल्यांच्या तोंडांवरही पांढरी बुरशी चढली होती. तो ठकूबाईकडे वळला.

"ठकू, तूच सांग. हे पाणी येतं तरी कुठून?"

"पाऊस पडलाच नाही, मग छत गळेल कसं?" ठकूबाई म्हणाली. "हे पाणी आपलंच आहे. आपल्या श्वासाचं, भाताच्या वाफेचं, आत वाळत घातलेल्या कपड्यांचं. त्याला बाहेर जायला वाट कुठे ठेवलीत?"

जिवाजीने गोणपाट ओढून काढलं. स्टोव्ह बाहेर नेला. बुरशी घासून काढली. गाद्या आणि बाहुल्या उन्हात मांडल्या. गादीखाली हवा खेळावी म्हणून फळ्या अंतराअंतराने ठोकल्या. झोपताना दोन्ही खिडक्या बोटभर उघड्या ठेवल्या आणि दोघांनी एकेक गोधडी जास्त घेतली.

सकाळी त्याने छताला हात लावला. पत्रा कोरडा! हळूहळू ठकूबाईचा खोकलाही थांबला. जिवाजीच्या मनावरचं ओझं उतरलं.

मग तो बाजारात गेला आणि त्याच चारचौघांत त्याने दगडूपुढे हात जोडले. "चूक माझी होती. तुझा पत्रा चोख आहे."

दगडू हसला. "ते राहू दे. वहिनी बऱ्या आहेत ना?"

"बरी आहे आता," म्हणत जिवाजीने दगडूचा हात हातात घेतला.

तात्पर्य: त्रासाचं मूळ आधी आपल्या घरात शोधावं, दुसऱ्याला दोष देत बसलं की आपली चूक तशीच वाढत राहते.