कानात कापूस घातलेलं गाव

फार मागची गोष्ट आहे, मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्हीही ऐका. किती मागची ते मला विचारू नका. तेव्हा राजे होते, राज्यं होती, आणि दोन डोंगरांच्या मध्ये एक गाव होतं, एवढं पुरे.

गावाच्या वरच्या अंगाला तळं होतं. तळ्याला मातीचा लांब बांध होता. बांधाच्या खाली, अगदी मधोमध, तुळसा नावाच्या बाईचा पानमळा होता. नवरा गेल्यावर तिने एकटीने तो राखला होता. नागवेलीला पाणी लागतं, पण मुळाशी तुंबलेलं पाणी तिला सोसत नाही. मुळं कुजतात आणि वाढवायला वर्षं लागलेली वेल बघता बघता मान टाकते. म्हणून तुळसाचा जीव त्या बांधात अडकलेला असे. बांध धड तर मळा धड, आणि मळा धड तर तुळसाची चूल पेटती.

गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. त्यांचं पूर्वी कधीतरी वाजलं होतं. कशावरून, ते कुणाला आठवत नव्हतं. भांडण मात्र सगळ्यांना आठवत होतं. बांधाची राखण एकाच आळीकडे दिली असती, तर दुसरीचा तिच्यावर विश्वास बसला नसता. म्हणून रीत अशी पडली होती, की रोज सकाळी दोन्ही आळ्यांतून एकेक माणूस निघायचा, एक या टोकाने, एक त्या टोकाने. खेकडे बांधात बिळं करतात. ती हुडकायची, माती ठोकून बुजवायची, आणि चालत चालत मधोमध भेटायचं. तिथे तुळसाने दोघांसाठी पानं ठेवलेली असत. दोघं बसून विडा लावत आणि बोलत.

आता तुम्ही म्हणाल, एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं बोलत तरी काय? तर सोनबाची गोष्ट.

सोनबा दर बाजाराच्या दिवशी, बाजार उठता उठता, चिंचेखाली बसून गोष्ट सांगायचा. एकच गोष्ट, थोडी थोडी. नदीवर नाव चालवणारी एक मुलगी असते. तिच्या नावेत एक बाई येऊन बसते, तोंडावर पदर ओढून. पैलतीरी उतरत नाही, पुन्हा याच तीरावर परत येते. ती कोण? बाई पदराला हात घाली, आणि नेमका तिथेच सोनबा पागोटं सारखं करून उठे.

मग आठवडाभर गावात तेच. वरची आळी म्हणे, ती मुलीची हरवलेली आई आहे. खालची आळी म्हणे, आई कसली, ती राजाची हेर आहे. पाणवठ्यावर तेच, जातं घरघरत असे तिथे तेच, आणि बांधावर विड्याने रंगलेल्या तोंडाने तेच.

पण गावाला सोनबाचा संशय होता. कुणी म्हणे, याला पुढचं येतच नाही, घरी जाऊन रचून आणतो. कुणी म्हणे, बाजारातल्या व्यापाऱ्यांनी याला हाताशी धरलंय, म्हणजे पुढच्या बाजाराला माणसं हमखास येतील. तुळसा तर तोंडावर बोलायची. एकदा तिने त्याला अडवून विचारलं, की खरं सांगा, मुद्दाम अडवून ठेवता ना?

सोनबा ओशाळून म्हणाला, "नाही हो बाई. माझा घसा तेवढाच आहे."

यावर कुणाचाही विश्वास बसला नाही.

अशात गावात एक परका माणूस आला. कपडे स्वच्छ, बोलणं मऊ. त्याने वेशीजवळ एक घर बांधलं. जाड भिंतींचं, आणि आत लहान लहान खोल्या, एकेक माणूस बसेल एवढ्याच. प्रत्येक खोलीच्या भिंतीतून एक पोकळ बांबू आत गेला होता. त्याच्या पलीकडच्या टोकाशी त्या परक्याचा एक माणूस बसे. इकडून कान लावायचा, तिकडून गोष्ट यायची. तीच, नाववालीची. परका म्हणाला, ही गोष्ट सोनबाच्या एकट्याची थोडीच आहे, आम्हाला शेवटपर्यंत येते. जेव्हा याल तेव्हा ऐका. जिथे सोडाल तिथून पुढे ऐका. थांबायचं ते तुम्ही, आम्ही थांबणार नाही.

बदल्यात दर अमावास्येला पायलीभर धान्य. आलात तरी, न आलात तरी.

तुळसाने पहिल्यांदा नाक मुरडलं. ज्याला थांबायची गरज वाटत नाही त्याचा भरवसा काय, असं ती चारचौघीत म्हणाली. पण शेजारीपाजारी जाऊ लागले, आणि त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळलंय हे तिला सोसेना. तीही गेली. आणि धान्य दिलंच आहे तर ऐकून घेऊ, म्हणून बसली ती बसली.

त्या बांबूची गंमत अशी होती, की एक भाग संपून कान उचलावा, तोवर पुढचा सुरू झालेला असे. मधेच पलीकडून आवाज येई, "ऐकताय ना?" माणूस म्हणे, "हो." आणि गोष्ट पुढे चाले. भाकरी करपली, म्हशी आटल्या, पोरं शेजारच्या दारात जेवली, तरी "ऐकताय ना?" "हो."

पुढच्या बाजाराला चिंचेखाली सोनबासमोर दोन म्हातारे आणि एक कुत्रं होतं. त्याच्या पुढच्याला म्हातारे तेवढे उरले. मग सोनबाने दुसऱ्या गावचा बाजार धरला. तो गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आता खरी गोष्ट पुढे आहे.

गावात प्रत्येकाने गोष्ट वेगवेगळी ऐकली होती. कुणी अर्धी, कुणी पाऊण, कुणी पुरी. त्यामुळे कुणी कुणाशी बोलेना. पुरी ऐकलेला माणूस दिसला, की बाकीचे वाट बदलत. हा हसला का? म्हणजे शेवट गोड असणार. हिचे डोळे लाल का? म्हणजे नाववाली मरते वाटतं. लोक एकमेकांच्या चेहऱ्याकडेच संशयाने बघू लागले. पाणवठ्यावर बायका पाठीला पाठ लावून घागरी भरू लागल्या. शेवटी लोकांनी कानात कापूस घातला आणि तसेच फिरू लागले.

त्यातून काहीजण खोडकर. खालच्या आळीत केरबा म्हणून एक तेली होता. त्याची बायको सगुणा एक दिवस तुळसाच्या दारात आली. तिने खुणेने एका कानातला कापूस काढायला लावला, गोष्टीतलं काही सांगायचं नाही, दुसरंच काम आहे म्हणाली, आणि दुसऱ्या कानातलाही निघताच, "ती बाई आई नाहीये गं," एवढं बोलून हसत पळाली. तुळसाचा संताप झाला. त्या दिवसापासून खालच्या आळीतल्या माणसाला उंबरठ्याला पाय लावू द्यायचा नाही, असं तिने ठरवलं.

आणि बांधावर काय चाललं होतं? फेरी चुकत नव्हती बरं का. दोन्ही टोकांनी माणसं रोज निघत होती. पण मधे भेटलं की बोलणं आलं, आणि बोलणं आलं की गोष्ट आली. म्हणून वरच्या आळीचा माणूस मध्याच्या थोडा अलीकडूनच मागे फिरे. खालच्या आळीचाही फिरे. प्रत्येकाला वाटे, मधलं तो दुसरा बघत असेल. तुळसाने ठेवलेली पानं तिथे सुकून जात. पण तुळसा तरी ती बघायला कुठे घरी होती?

एका सकाळी फेरी केरबाची होती. तोही नेहमीच्या जागेवरून वळला. पण वळता वळता त्याला मधल्या भागाच्या पायथ्याशी ओल दिसली. त्याने लांबूनच बघितलं. मातीतून पाणी झिरपत होतं, बोटाएवढं. एकट्याने बुजवण्यासारखं ते नव्हतं. खाली मळा तुळसाचा. तो तडक तिच्याकडे निघाला.

तुळसा नुकतीच घरी आली होती. चार घास खाऊन तिला परत जायचं होतं, कारण नावेतल्या बाईने पदराला हात घातला होता, आणि यावेळी ती तो खरंच उचलणार होती. दारात केरबाला बघून तिने दोन्ही कानांवर हात दाबले.

केरबा ओरडून म्हणाला, "वहिनी, मधे काय झालंय ते बघा—"

"मला मधलं नको, शेवटचं नको. भावजी, तुम्ही पुरी ऐकलीत, तोंडावर दिसतंय तुमच्या."

"अहो, गोष्टीचं नाही हे."

"असंच म्हणाली होती तुमची बायको," तुळसा म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं.

केरबा दाराबाहेर उभा राहिला. त्याने आणखी एकदा कडी वाजवायला हवी होती. पण त्याला आतून टोचलं. एवढा चालत आलो, तिच्याच भल्याचं सांगायला, आणि ही मला लबाड ठरवते. बघेल वरच्या आळीचा माणूस, म्हणून तो निघून गेला. जाता जाता त्याने आणखी दोन दारं वाजवली, पण ती उघडलीच नाहीत. आत माणसं नव्हती, किंवा होती आणि कानात कापूस होता.

तुळसा मागच्या दाराने निघून गोष्टीच्या घरात गेली. बांबूला कान लावला. पदर उचलला गेला. बाई कोण होती ते कळलं. नाववाली रडली, तुळसाही रडली. तिचं मन इतकं भरून आलं, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवेना. ती बाहेर आली. रस्त्यात दोन बायका होत्या. त्यांनी तिचे लाल डोळे बघितले आणि तोंड फिरवून त्या लगबगीने निघून गेल्या. तुळसा ती गोष्ट तशीच मनात घेऊन घराकडे चालली.

घराजवळ आली तेव्हा तिच्या पायाला चिखल लागला.

बांध मधोमध फुटला होता. तळ्याचं पाणी पानमळ्यातून वाहत खालच्या शेतांत गेलं होतं, आणि जाताना मळ्यात गुडघाभर गाळ आणि पाणी ठेवून गेलं होतं. काही वेली आडव्या झाल्या होत्या. उभ्या होत्या त्यांची पानं अजून हिरवी होती, पण तुळसाला काय ते कळत होतं.

मग लोक जमले. गोष्टीच्या घरातूनही एकेकजण डोळे चोळत बाहेर आला. कानांतले कापसाचे बोळे गळून पडले. कुणी घमेली आणली, कुणी पाट्या. दोन्ही आळ्यांनी रांग लावून खिंडाराला माती घातली. कुणी म्हणालं, याला कारण तो परका. चारजण तावातावाने त्याच्याकडे गेले. तो आपल्या दारातच उभा होता. त्याने शांतपणे विचारलं, की मी कुणाला खोटं सांगितलं का, कुणाला धरून बसवलं का? चौघे तसेच परत आले आणि मातीच्या पाट्या उचलू लागले.

तुळसा मळ्याच्या कडेला बसून होती. केरबा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. ती म्हणाली, "हेच सांगायला आला होतात?"

"होय वहिनी."

"मग हात धरून ओढत का नाही नेलं मला?"

केरबा खाली बघून म्हणाला, "तुम्ही मला लबाड म्हणालात. मला राग आला. मी म्हटलं, नाही तर नाही."

तुळसाने त्याला दोष दिला नाही. तो माणूस तिच्या दारात आला होता. दार तिने लावलं होतं.

त्या मळ्यातली एकही वेल वाचली नाही. तुळसाला नवी बेणी लावावी लागली. पानं खुडण्याजोगी होईपर्यंत तिने लोकांची भांडी घासून आणि निंदणी करून दिवस काढले. गोष्टीचं घर काही मोडलं नाही. ते होतं तिथेच राहिलं, आणि काही माणसं अजूनही जात. पण बांधावरच्या दोघांनी एकमेकांच्या हाताला हात लावल्याशिवाय मागे फिरायचं नाही, असा नियम गावाने केला.

सोनबा मात्र परत आला नाही. दोन्ही आळ्यांची माणसं त्याला बोलवायला गेली होती. तो म्हणाला, इथे गोष्ट सुरू केली आहे, या लोकांना मधेच कसं सोडू?

मग एका बाजाराच्या दिवशी तुळसा डोंगर उतरून त्या दुसऱ्या गावी गेली. बरोबर सगुणा होती. सगुणानेच सोबतीला येऊ का म्हणून विचारलं होतं, आणि तुळसा चल म्हणाली होती. सोनबाने नवी गोष्ट धरली होती, एका आंधळ्या सोनाराची. सोनार भट्टीपाशी कुणाची तरी चाहूल ऐकतो आणि म्हणतो, "कोण आहे?" तिथेच सोनबा उठला.

परतीच्या वाटेवर सगुणा म्हणाली, तो चोरच असणार. तुळसा म्हणाली, चोर पावलं वाजवत येतो होय? सगुणा म्हणाली, मग तूच सांग कोण. तुळसा म्हणाली, त्याचा भाऊ. सगुणा म्हणाली, भाऊ असता तर सोनाराने पावलं ओळखली नसती का? यावर तुळसा आणखीच भांडू लागली. दोघी भांडत भांडत घाट चढल्या.

तो आठवडाभर दोघींचं काही जमलं नाही. पण रोज सकाळी दोघींपैकी एकजण दुसरीच्या दारात असे, आणि दार उघडंच असे.

बाळांनो, यातून इतकं ध्यानात ठेवा: अधाशीपणे ऐकलेली गोष्ट माणसाला एकटं पाडते, आणि वाट पाहून ऐकलेली गोष्ट शेजार जोडते.