टेपातल्या टाळ्या

आमच्या तमाशाचा मालक तात्याबा सोताला लई शहाणा समजायचा. त्यानं दुबईहून अरबी नाचगाण्याची टेप मागवली आन् मला, त्याच्याच ढोलकीवाल्याला, म्हणाला, "संपती, पारख कर. बरी असली तर आपली नाचणारीण सुगंधा हिच्यावरच नाचंल."

बरी म्हणावं तर माझी ढोलकी जाती, वाईट म्हणावं तर जळतोय म्हणणार. टेप ऐकली. वाजवणारा खरंच वाघ होता. गाणं संपलं तसा टेपातच टाळ्यांचा कडकडाट झाला.

"झकास हाय, मालक," मी म्हणलो. "वाजवणारा हिच्यात, टाळ्याबी हिच्यातच. मग तिकिटंबी टेपलाच विका की! माणसं कशाला बोलावता?"

बाजूला चाळ बांधत बसलेली सुगंधा फिसकन हसली. मालकानं टेप बंद केली आन् तंबूचा पडदा बाजूला सारला.

खेळाची येळ झाली होती. बाहेर तिकिटाला एकबी माणूस नव्हता.