कोरड्या जमिनीवरचा भोपळा

"आन् पडला तर?"

सरूमाय ओट्यावरच्या चुलीपुढे बसून दुधाखालचं लाकूड मागे ओढत होती.

"माय, तुला विचारतोय मी. सोडला भोपळा आन् पोरगं पडलं तर?"

"ऐकलंय मी. कुंपणापासूनच ओरडत आलास की."

सटवा मठीच्या ओट्यावर टेकला. कडेवर केरबा होता, त्याच्या थोरल्या भावाचा पोरगा. केरबाच्या पाठीवर सुकलेला भोपळा बांधला होता. नदीकाठची भोयांची पोरं पोहायला शिकताना बांधतात, तसाच.

पण ती पोरं पाण्यात शिरताना भोपळा बांधतात आणि काठावर आली की सोडून ठेवतात. केरबाच्या पाठीवर तो भादव्यापासून होता. घरात, अंगणात, जेवताना. झोपतानासुद्धा. पोर पालथंच झोपायचं.

भादव्यातल्या पुरात केरबाचा बाप पुंजाराम जाळी सोडवायला उतरला आणि वर आला नाही. खालच्या गावाच्या बंधाऱ्याला लागलेला भाऊ सटवानेच ओळखला. तोंडावरून नाही, कमरेच्या करगोट्यावरून.

बाप होता तेव्हा केरबा भिंत धरून उभा राहायला लागला होता. आता वैशाख आला, तरी त्याला चार पावलं टाकता येत नव्हती. उभा राहिला की भोपळा मागे ओढायचा. मग तो उताणा पडून उलट्या कासवासारखे हातपाय हलवत राहायचा, आणि सटवा धावत येऊन त्याला उचलायचा. घास सटवा भरवायचा. पाणी सटवा पाजायचा. पोराने वाटीला हात लावला, तर वाटी बाजूला घ्यायचा.

"वहिनी माहेरी चाललीय," तो म्हणाला. "केरबाला घेऊन. म्हणते, भावजी, तुमच्या घरात माझं लेकरू पांगळं होईल."

"हं."

"तू सांग तिला. तुझं ऐकते ती. ह्याला माझ्याइतकं कोण जपतंय, सांग बरं?"

"कुणीच नाही."

"मग सांग की तसं!"

"काय सांगू? घरात नदी शिरलीय, असं?"

सटवाचे कान तापले. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर त्याने गचांडी धरली असती. पण ही सरूमाय होती. नदीकाठी एकटी राहणारी बैरागीण. गावातल्या निम्म्या पोरांना तिने कानाला धरून वळण लावलं होतं आणि त्यात सटवाही होता.

"थट्टा नको करू, माय."

"बरं. पुंजारामला पोहता येत नव्हतं का रे?"

"येत नव्हतं?" सटवा ताडकन उभा राहिला. "दोन्ही काठांना त्याच्यासारखा पोहणारा नव्हता! भर पुरात..."

तो थांबला.

सरूमायने जाळ आणखी मागे ओढला. दूध खाली बसलं.

"आण त्याला इकडं," ती म्हणाली.

तिने केरबाला मांडीवर घेतलं. दोरीची गाठ घामाने आवळून बसली होती, ती दातांनी सोडवावी लागली. पोराच्या काखेत दोरीचे काळे वण पडले होते. सरूमायने त्यांवर नुसता हात फिरवला.

मग ती उठली, सटवाच्या मागे गेली आणि तोच भोपळा त्याच्या पाठीवर बांधला. दोरी पुरेना, तर तिने आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी जोडली आणि दुसरं टोक ओट्याच्या खांबाला आवळलं.

"हे काय, माय?"

"भीती कुणाला वाटते?"

"...मला."

"मग बरोबर बांधलाय. बस."

सटवा बसला. मागे टेकायला गेला, तर टेकता येईना. वाकायला गेला, तर दोरी काखेत रुतली. ह्या दोरीत पोर झोपत होतं... पण हा विचार पुरता व्हायच्या आत केरबा रांगत चुलीकडे निघाला होता.

"माय, चूल!"

"दिसतेय मला."

ती केरबाजवळ जाऊन बसली. त्याचा इवलासा पंजा आपल्या हातात घेतला आणि चुलीच्या झळीत धरला. लांबूनच.

"हाऽऽ," ती म्हणाली.

केरबाने हात ओढून घेतला. तळव्याकडे पाहिलं. "हाऽऽ," तो म्हणाला, आणि चुलीला वळसा घालून पुढे गेला.

पुढे ओट्याची कड होती. खाली पायरी, पायरीखाली दगडी अंगण.

"धर त्याला! माय, धर त्याला!"

ती जागची हलली नाही. पोर डोकं पुढे काढून खाली वाकलं. सटवाने झेप घेतली. दोरीने त्याला मागे खेचलं, भोपळा खांबावर आपटला आणि तो गुडघ्यांवर कोसळला. तेवढ्यात केरबा पायरीवरून अंगणात पालथा पडला.

आवाजच आला नाही.

पोराने श्वास धरून ठेवला होता. तेवढ्या वेळात सटवाला बंधारा दिसला. गढूळ पाणी दिसलं. करगोटा दिसला.

मग केरबा भोकाड पसरून रडला, आणि ते रडणं ऐकून सटवाचा जीव परत जागेवर आला. पोराचा ओठ फुटला होता. त्याने काकाकडे दोन्ही हात पसरले.

सटवाचे हात पोचत नव्हते. दोरी पुरत नव्हती.

"दुष्ट आहेस तू," सटवा म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "रक्त आलंय त्याला."

"आलंय." तिने पदराने ओठ टिपला, पण पोराला उचललं नाही. "ऊठ रे, केरबा. डोकं नाही आधी. आधी पाय. असे."

तिने त्याला पायरीकडे वळवलं. तो हुंदके देत वर चढला. वर पोचल्यावर त्याने तिच्याकडे पाहिलं, मग काकाकडे पाहिलं. कुणी पुढे आलं नाही. मग तो पाठमोरा झाला, पोटावर पडला, आणि एक पाय खाली सोडून चाचपडू लागला. पाय दगडाला लागला. दुसरा आला.

तो खाली उभा होता. स्वतःच.

रडं अर्ध्यातच राहिलं. तो पुन्हा चढला आणि पुन्हा उतरला. मग हसला. फुटक्या ओठाने.

सटवाला हसू आलं नाही.

मग केरबाने कुंपणाची काठी धरली. एकेक काठी धरत तो फाटकाशी आला. फाटक उघडंच होतं. पलीकडे वाळूचा उतार होता आणि उताराच्या टोकाला नदी. वैशाखातली, आटलेली. सटवाच्या डोळ्यांना मात्र ती भादव्यातलीच दिसली.

काठी संपली. पोराने हात सोडला. डुलत डुलत एक पाऊल टाकलं, आणि आणखी एक.

"माय..."

"हो. नदी आहे."

"सोड मला. माय, पाया पडतो तुझ्या."

तिने पाठीची गाठ सोडली, भोपळा खाली पडला. सटवा सुटणार, तोच तिने त्याचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"उचलायचा नाही. मागं राहायचं."

"आणि तो पाण्यात शिरला तर?"

"तर तू भोयाचा पोरगा आहेस."

तो धावत फाटकाबाहेर गेला आणि उतारावर थबकला. भादव्यापासून त्याने ह्या वाळूत पाय ठेवला नव्हता. जाळी दुसरीच माणसं टाकत होती. त्याला खूप वाटलं की झडप घालून पोराला उचलावं आणि पाठ फिरवून पळत सुटावं. पोर पुढे चाललं होतं. पडत होतं, वाळूत हात रोवून उठत होतं. सटवा मागे होता. वाळू ओली लागायला लागली, तरी तो मागेच चालत राहिला.

केरबा पाण्याशी पोचला. एक लहानशी लाट त्याच्या पावलांवरून आली आणि गेली. तो दचकला.

आणि त्याने मागे वळून पाहिलं.

काका होता. पोराने खाली बसून पाण्यावर एक चापट मारली. मग उठून, वाळूने भरलेल्या हातांनी, तो काकाकडे चालत आला. सटवा गुडघ्यांवर बसला आणि रडला. भावाला ओळखलं त्या दिवशी तो रडला नव्हता.

उन्हं कलल्यावर दोघं मठीत परतले. केरबा पुढे, सटवा मागे. सरूमायने वाटीत दूध ओतून केरबापुढे ठेवलं. त्याने दोन्ही हातांनी वाटी धरली. अर्धं दूध पोटात गेलं, अर्धं अंगावर. सटवाचा हात पुढे झाला आणि परत मांडीवर आला.

"वहिनीला काय सांगू?"

"काही सांगू नको. दारातून त्याला चालत आत जाऊ दे."

सटवा अगदी बारीक आवाजात बोलला.

"माय... भीती गेली नाही माझी."

"जायची नाही."

"मग किती मागं राहू मी?"

सरूमायने केरबाची रिकामी वाटी उचलली.

"त्याला वळून बघावंसं वाटलं, तर तू दिसशील, तेवढं."