सगळ्यांना एकच शिळा

एका राज्यात माणसं शिळेशी तोलण्याचा रिवाज होता. शिळा राज्याच्या मूळपुरुषाच्या वजनाची. कालजंघ मांत्रिकाने तिला शाप जोडून ठेवलेला: ज्याचं पारडं खाली जाईल तो दगड होईल. उंच असो, बुटका असो, सगळे घोडे बारा टक्के! पण विचारतो कोण?

राणी हेमांगीची लेक कुमुदिनी उपवर झाली आणि तिच्या तुळेचा दिवस ठरला. राणीने तिच्या ताटावर पहारा बसवला. "आणखी एक पुरी? लाज नाही वाटत?" असं भरपंगतीत बोलायची. पोर मान खाली घालून उठायची. तरी तुळेच्या दिवशी पारडं खाली गेलंच, आणि कुमुदिनीची पावलं दगड झाली.

राणीने ऊर बडवून घेतला. तेव्हा तुळेवर बसलेली साळुंकी बोलली, "राणी, दगड गळ्याशी पोचण्याआधी तीन कामं कर. तिची उंची माप. कंबर माप. मग तिला विचार."

"काय विचारू?"

"जे कधी विचारलं नाहीस ते."

शापित देहाला साधा धागा टिकेना. राणीने आपले केस देऊन काळदरीतल्या चेटकिणीकडून न तुटणारा धागा आणला. उंची मापली. पोर मूळपुरुषाहून वीतभर उंच निघाली!

"एवढ्या उंचीला हे वजन अतिजड नव्हे," साळुंकी म्हणाली. मग कंबरेचा धागा पाहून म्हणाली, "पण जड आहे. खोटं कशाला बोलू? हे दुखणं आहे, राणी. वैद्याने बघावं. हा गुन्हा नव्हे."

एव्हाना दगड छातीशी आला होता. राणीने लेकीचा चेहरा ओंजळीत धरला. "बाळ, तुला काय होतंय गं?"

"भूक लागते, आईसाहेब. पंगतीतून तशीच उठते. मग कोठीघरात लपून खाते, रडत रडत. पोट भरतं, पण भूक जात नाही."

"माझंच चुकलं गं!" राणीने हंबरडा फोडला.

त्यासरशी शिळा तडकली. कालजंघाची राख झाली. कुमुदिनी पुन्हा हाडामांसाची झाली. पुढे त्या राज्यात वैद्य उंची बघत, कंबर बघत, मगच हलका, सम, जड, अतिजड असं सांगत, तेही हलक्या आवाजात. आधीच्या तुळांत दगड झालेली चौकातली माणसं मात्र दगडच राहिली. त्यांना विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

त्या सांजेला राणीने स्वतः पान वाढलं आणि समोर बसली. "जेव बाळ, पोटभर."

कुमुदिनीने एका हाताने घास उचलला आणि दुसऱ्या हाताने ताट झाकून घेतलं.

राणीने मान वळवली, लेकीला जेवता यावं म्हणून.