गार पाण्याची वाट

दूर उत्तरेकडच्या एका थंडगार समुद्रात कॉड माशांचा एक कळप राहत असे. मुलांनो, कॉड म्हणजे तपकिरी, ठिपकेदार अंगाचा मासा. त्याच्या हनुवटीखाली एकच छोटीशी मिशी असते. ती वाळूला लावून तो तळाशी खायला काय आहे ते चाचपतो. या कळपाच्या पुढे एक म्हातारी मादी पोहत असे. ती वीस वर्षांची होती आणि पहिलीतल्या मुलाएवढी लांब होती. तिच्या बरोबरीचे सगळे एकेक करून मोठमोठ्या जाळ्यांत सापडले होते. ती तेवढी उरली होती. लहानथोर सगळे तिला आजी म्हणत.

दर वर्षी हिवाळा सरत आला की कळप समुद्रतळावरच्या एका पठारावर अंडी घालायला जाई. त्या वर्षीही सगळे मोठ्या उत्साहात तिथे पोहोचले आणि पाहतात तो काय, पाणी चक्क उबदार! नेहमीची बोचरी थंडी कुठेच नव्हती. जे चंदेरी बारीक मासे खाऊन ते पोट भरत, त्यांचाही पत्ता नव्हता. माद्यांची पोटे तर अंड्यांनी तट्ट फुगलेली! म्हातारीने तोंड उघडून पाण्याचा एक घोट घेतला आणि ती म्हणाली, "इथे अंडी घालून उपयोग नाही. या पाण्यात ती तगायची नाहीत. मी लहान असताना एकदा असाच समुद्र तापला होता. तेव्हा आमच्या थोरांनी आम्हांला एका खोल घळीतून उत्तरेकडच्या पठारावर नेलं होतं. चला, तिकडे जाऊ."

कळपात एक तरुण नर होता. त्याच्याइतक्या वेगाने कोणालाच पोहता येत नसे आणि हे त्याला चांगले ठाऊक होते. तो म्हणाला, "आजी, तुझ्या चालीने निघालो तर अंडी वाटेतच पडतील! उत्तर कुठे आहे ते मलाही कळतं. घळीचा वळसा कशाला? वरून सरळ जाऊ."

"मी हळू जाते, कारण या पोटुशींना दमवून चालणार नाही," म्हातारी म्हणाली. "आणि वरच्या उथळ पाण्यात मासे खाणारे सील असतात."

"सील मला गाठणार?" तो हसला. "ज्यांना लवकर पोहोचायचं आहे त्यांनी माझ्यामागे या!"

तीसचाळीस तरुण मासे शेपट्या फटकारत त्याच्यामागे निघाले. बाकीचा कळप म्हातारीच्या मागोमाग घळीत उतरला.

पहिला दिवस तरुणांनी नुसता मजेत घालवला. काय तो वेग! खडक मागे पडत होते, पाणवनस्पतींची राने मागे पडत होती. पण पाणी काही गार होईना. उलट ते अधिकच उबदार लागू लागले आणि सगळ्यांना धाप लागून त्यांचा वेग पार मंदावला. खालून येणाऱ्या म्हातारीच्या कळपाने त्यांना रात्रीतून गाठलेही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून एक काळी सावली सरकन खाली आली. पाठोपाठ दुसरी आली, मग तिसरी! गुळगुळीत अंगाचे, मिशाळ सील होते ते. "वा! आज जेवण आपणहून दारात आलं," असे म्हणत पहिल्या सीलने झडप घातली. डोळ्यांदेखत सातआठ मासे नाहीसे झाले. तरुण नर वाट फुटेल तिकडे पळत सुटला. पण आपल्या मागे आलेले दमून मागे पडत आहेत हे पाहून तो थबकला. त्याने पोटातली हवेची पिशवी थरथरवली आणि जिवाच्या आकांताने आवाज काढला, "गुर्र! गुर्र! गुर्र!"

शेजारच्याच घळीत तो आवाज पोहोचला. म्हातारी तत्काळ वळली. एक मादी घाबरून म्हणाली, "आजी, तू जाऊ नकोस! तुला काही झालं तर आम्हांला वाट कोण दाखवणार?"

"ती पोरं आपलीच आहेत," म्हातारी म्हणाली. "तुम्ही कपारीत थांबा. मी आले नाही, तर तळाचं पाणी जिकडे अधिक गार लागेल तिकडे जात राहा."

ती घळीच्या काठावर आली आणि तिने सारे बळ एकवटून हाक दिली, "इकडे या! खाली उतरा! खाली!" ती ओळखीची घुमणारी हाक ऐकताच विखुरलेल्या माशांच्या अंगात बळ आले. सगळे घळीकडे झेपावले. पण सीलांनीही ती हाक ऐकली होती. एवढा मोठा मासा दिसताच सर्वांत धिप्पाड सील बाकीच्यांना सोडून तिच्यावरच धावला. म्हातारीला पटकन वळता येईना. त्याचा जबडा तिच्या शेपटीपाशी आला, आणि तेवढ्यात तरुण नर बाणासारखा आडवा आला! सीलच्या नाकाला घासून तो डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पुन्हा समोर आला. सील चिडून त्याच्याकडे वळला. तेवढ्या वेळात म्हातारीने घळीत सूर मारला.

"आता तूही ये!" ती ओरडली. "थांबू नका, आणखी खाली!"

खाली, खाली, आणखी खाली! उजेड निळा झाला, मग जांभळा झाला, मग दिसेनासा झाला. सील मागेच होता. तरुण नर धापा टाकत म्हणाला, "आजी, तो तर अजून येतोच आहे!"

"येऊ दे. श्वास घ्यायला त्याला वर जावंच लागतं. आपल्याला नाही. खालीच राहा."

आणि तसेच झाले! सीलच्या नाकातून बुडबुडे सुटले, तो गर्रकन उलटा फिरला आणि वर निघून गेला. तो परत आला तेव्हा कपारीतल्यांना सोबत घेऊन सगळा कळप घळीच्या अंधारात खूप पुढे गेला होता. पाणी गार लागू लागले होते. मग ते अधिक गार झाले, मग छान बोचरे! तिसऱ्या दिवशी घळ संपली आणि समोर विस्तीर्ण पठार पसरलेले दिसले. चंदेरी माशांचे थवेच्या थवे लखलखत होते. माद्या आनंदाने गिरक्या घेऊ लागल्या, नरांचे गुरगुरणे सगळीकडे घुमले आणि अंडी इवल्या पारदर्शक मण्यांसारखी तरंगत वर निघाली. तरुण मादीने घातली त्यांच्या कितीतरी पट अंडी एकट्या म्हातारीने घातली. तिची अंडी आकारानेही मोठी होती. लाखो इवले जीव त्या गार पाण्यात डोलू लागले!

तरुण नर मात्र एका खडकाआड एकटाच राहिला होता. शेवटी तो म्हातारीजवळ आला आणि खालच्या मानेने म्हणाला, "आजी, माझ्या घाईपायी आपले आठ जण गेले."

"गेले," म्हातारी म्हणाली. "ते विसरू नकोस. आणि तू आडवा आला नसतास तर मीही गेले असते, तेही विसरू नकोस. परत जाताना सगळ्यांच्या पुढे तू पोहायचंस."

"मी? पण मला ती वाट कुठे ठाऊक आहे?"

"म्हणून तर! मी मागून येते. चुकलास की सांगेन."

पहिल्याच वळणावर तो चुकला. मागून सगळे एकदम ओरडले, "उजवीकडे, उजवीकडे!" तो वळला. दुसऱ्या वळणावर त्याने थांबून आधी पाण्याचा एक घोट घेतला, मग तळाशी मिशी लावली आणि बरोबर वळला. म्हातारी मागून निवांत पोहत राहिली. तिसऱ्या वळणावर त्याने लहानांतल्या लहान माशांना पुढे बोलावले आणि तो म्हणाला, "हा खडक नीट पाहून ठेवा रे!"

तात्पर्य : अंगातल्या वेगाने अंतर कापता येते, पण वाट अनुभवालाच ठाऊक असते, म्हणून आपल्यातली जाणती माणसे जपावीत आणि ती आहेत तोवर त्यांच्याकडून वाट शिकून घ्यावी.